मॅकवर चालतं का?

नवा ऑनलाइन खेळ आला की बाकीचे खेळाडू विचारतात, कथा कशी आहे, लढाया कशा आहेत, फुकट आहे की महिन्याच्या महिन्याला पैसे मोजायचे? मॅकवाला यातलं काहीही विचारत नाही. तो थेट खेळाच्या पानाच्या तळाशी जातो. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा खेळ चालायला कुठलं यंत्र लागतं. त्या यादीत तो आपलं नाव शोधतो. बहुतेक वेळा नाव नसतं. मग तो पान बंद करतो आणि म्हणतो, "तसाही काही खास दिसत नाही."

ज्यांना या प्रकरणाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे आपण घरात बर्मुडा घालून बसायचं आणि पडद्यावर एल्फ, बुटका किंवा शिंगं असलेला धिप्पाड बैलमाणूस व्हायचं. हजारो अनोळखी लोकांबरोबर एका काल्पनिक जगात नांदायचं. पहिल्या दिवशी गावाच्या वेशीवर एक म्हातारा भेटतो आणि सांगतो, रानडुकरं फार माजलीत, दहा मारून ये. आपण मारून येतो. पुढच्या गावात लांडगे माजलेले असतात. असं करत करत काही महिन्यांत आपण जग वाचवण्याच्या लायकीचे होतो, आणि तेव्हा कळतं की जग एकट्याने वाचत नाही. एकाने मार खायचा, त्याला टँक म्हणतात. एकाने मार खाणाऱ्याला जिवंत ठेवायचं, तो हीलर. उरलेल्यांनी मारायचं आणि नंतर आकडे काढून कोणी जास्त मारलं यावर भांडायचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमेला 40 माणसं लागत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम पुरा होत नाही, आणि इकडे 40 माणसं रात्री ठरल्या वेळी, स्वखर्चाने, एका लाव्हाने भरलेल्या गुहेत हजर राहायची.

हे सगळं मॅकवर करायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास धरून बसण्यासारखं आहे. यजमान वाईट नसतात. "तुमचं वेगळं काढलंय हं," असं दोनदा सांगून जातात. शेजारच्याच्या पानात मसालेभात पडतो, जिलबी पडते, मठ्ठा येतो. आपल्यासमोर पाण्याचा ग्लास. शेजारचा म्हणतो, "सोडा ना आजच्या दिवस." आपण मंद हसतो. अखेर साबुदाणा येतो तेव्हा लोक विडा खात असतात, आणि साबुदाणा थंड असतो. तरीही आपण म्हणतो, छान झालाय.

मॅकवाल्यांसाठी वेगळं काढण्याचा सर्वांत सुरस प्रयोग एव्हरक्वेस्ट या खेळाने केला. हा खेळ 1999 सालचा. पुढे जे काही ऑनलाइन घडलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा हा आजोबा. विंडोजवर लोक त्यापायी रात्री जागत होते, अभ्यास आणि संसार दोन्ही बुडवत होते. मॅकवाल्यांना हे भाग्य मिळालं 2003 साली. पण एक मेख होती. त्यांना बाकीच्यांच्या जगात प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी अल्काबोर नावाचा एक स्वतंत्र सर्व्हर मांडला होता. तिथे फक्त मॅकवाले.

आता गंमत बघा. विंडोजवाल्यांच्या जगात दर काही महिन्यांनी नवे खंड सापडत होते, नवे राक्षस येत होते, जुने नियम बदलत होते. अल्काबोरवर काहीच होत नव्हतं. घड्याळ थांबलेलं. तेच डोंगर, तेच ड्रॅगन, तीच माणसं. एखाद्या विंडोजवाल्याला हे ऐकून हळहळ वाटली असती. पण तिथल्या रहिवाशांना ते भलतंच मानवलं. सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत. कुणी उद्धटपणा केला तर तोंड लपवायला दुसरा सर्व्हरच नव्हता, त्यामुळे लोक सभ्य वागत. 2012 मध्ये कंपनीने हे दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा या मूठभर लोकांनी इतका गलका केला की कंपनीने निर्णय फिरवला आणि वर खेळ फुकट करून टाकला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 2013 मध्ये, तो शेवटी बंद झालाच. मग काही चाहत्यांनी स्वतःच्या हिमतीवर ते गोठलेलं जग पुन्हा उभं केलं. त्यात आज विंडोजवरून शिरता येतं. आजच्या मॅकवर मात्र तो मॅकसाठी केलेला जुना खेळ थेट चालत नाही. मॅकवाल्यांच्या एकमेव खास जगाचा वारसा विंडोजवाल्यांकडे गेला, याला नियतीचा विनोद म्हणायचं की नुसती नियती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं मात्र वेगळं. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत तो आला तेव्हा विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी एकाच दिवशी, एकाच खोक्यात आला. त्याच सीडी, तीच किंमत. मॅकवाल्यांच्या इतिहासात या घटनेचं स्थान फार वरचं आहे. जुन्या मंडळींना अजून ते सांगताना गहिवरून येतं. पण यजमानाने पहिल्या पंगतीला बसवलं तरी हाताने जेवता आलं पाहिजे ना. त्या खेळात चालायची एक सोपी युक्ती आहे: माऊसची डावी आणि उजवी बटणं एकदम दाबून धरली की आपला योद्धा पुढे चालू लागतो. आणि 2004 मध्ये ॲपल मॅकबरोबर जो माऊस देत असे, त्याला बटण होतं एक.

एका बटणाचं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. माणसाला संभ्रम नको. संभ्रम नको हे ठीक, पण समोर राक्षस उभा असताना त्याच्यावर उजवं क्लिक करायचं तर डाव्या हाताने कंट्रोलची कळ दाबायची, उजव्या हाताने क्लिक करायचं, आणि जादूचा मंत्र टाकायला तिसरा हात शोधायचा. एकापेक्षा जास्त बटणांचा अर्थ समजणारा माऊस ॲपलने ऑगस्ट 2005 मध्ये काढला, आणि तोही असा की बटणं दिसता कामा नयेत. नंतर 2009 मध्ये मॅजिक माऊस आला. दिसायला नदीत गुळगुळीत झालेल्या गोट्यासारखा. त्यावर डावीकडे बोट टेकलेलं असेल तर उजवं क्लिक लागत नाही, म्हणजे दोन्ही बटणं एकदम दाबणं नशिबातच नाही. 2015 मध्ये त्याची सुधारून काढलेली आवृत्ती आली. तिचं चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे. चार्जिंगला लावायचा तर माऊस कुशीवर आडवा करायचा, आणि तेवढा वेळ खेळ बंद. ड्रॅगनपर्यंत ही खबर पोचलेली नसते. त्यामुळे मॅकवरच्या कुठल्याही अनुभवी योद्ध्याच्या टेबलावर तुम्हाला त्या सुंदर, देखण्या यंत्राशेजारी एक काळा, वायरीचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला स्वस्त माऊस दिसेल. पाहुणे आले की तो ड्रॉवरमध्ये जातो.

कीबोर्डवरही असाच सापळा आहे. अशा बहुतेक खेळांत डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डीवर असतात आणि शेजारच्या क्यूला काहीतरी महत्त्वाचं काम असतं. मॅकवर कमांड आणि क्यू एकत्र दाबले की प्रोग्राम बंद होतो. घाईत अंगठा जरा घसरला, की तुम्ही ज्या जगाला वाचवत होता ते जग नाहीसं होऊन समोर डोंगराचं सुरेख वॉलपेपर येतं. 39 माणसं तिकडे विचारत असतात की हा पळाला की मेला?

2006 साली ॲपलने आपल्या यंत्रात इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली आणि मॅकवाल्यांच्या मनात एक पापी विचार आला. यंत्राचं काळीज तर आता विंडोजवाल्यांचंच आहे, मग त्यावर विंडोज का चालू नये? लोकांनी वर्गणी काढली. जो कोणी हे जमवून दाखवेल त्याला बक्षीस. रक्कम 13 हजार डॉलरच्या वर गेली, आणि मार्चमध्ये ते कुणीतरी जमवून जिंकलंही. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, ॲपलने बूट कॅम्प नावाची हीच सोय स्वतःहून फुकट देऊन टाकली. वर्गणी देणाऱ्यांची तोंडं तेव्हा पाहण्यासारखी झाली असणार.

बूट कॅम्पची वर्षं हा मॅकवरच्या खेळाडूंचा सुवर्णकाळ, आणि त्यांच्या नैतिक अधःपाताचाही. लाखभर रुपये घालून मॅक घ्यायचा, सहा महिने विंडोज किती गलिच्छ आहे यावर ओळखीच्यांना भाषणं द्यायची, आणि रात्री सगळे झोपले की ऑप्शनची कळ दाबून यंत्र विंडोजमध्ये रिस्टार्ट करायचं. सकाळी पुन्हा मॅक. दुहेरी आयुष्य म्हणतात ते हेच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मॅकची निम्म्याहून जास्त डिस्क विंडोजला देऊन टाकली होती. विचारलं की म्हणत, "ऑफिसचं एक सॉफ्टवेअर आहे." त्या सॉफ्टवेअरमध्ये ते 80 पातळीचे मांत्रिक होते.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र 2015 ची. फायनल फँटसी 14 हा जपानी खेळ त्या जूनमध्ये मॅकवर आला. आणि आला तो असा चालला की विचारू नका. मूळ विंडोजसाठी लिहिलेला खेळ एका दुभाष्या सॉफ्टवेअरमार्फत मॅकवर बसवला होता. विंडोजच्या डायरेक्टएक्सने जे सांगावं ते आधी मॅकच्या ओपनजीएलच्या बोलीत आणायचं आणि मग पडद्यावर काढायचं. एवढ्या येरझाऱ्यांत योद्धा तलवार उचलेपर्यंत शत्रू आपलं काम उरकून घरी गेलेला असे. लोक संतापले. मग काय झालं? कंपनीने चक्क विक्री थांबवली. खेळाचे निर्माते आणि दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी सविस्तर पत्र लिहून माफी मागितली, दोन्ही यंत्रणांमध्ये सुमारे 30 टक्के फरक का पडतो ते समजावून सांगितलं आणि ज्यांना हवे त्यांना पैसे परत देऊ केले. पुढे खेळ सुधारून पुन्हा विक्रीला आला.

मॅकवाल्यांना या प्रकाराचा राग येण्याऐवजी अंतर्यामी बरंच वाटलं असावं, असा माझा कयास आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला उद्देशून इतकं लांब पत्र लिहिलं होतं.

दोष नेहमी खेळ करणाऱ्यांचाच असतो असं नाही. ॲपललाही घर आवरायची भारी हौस. 2018 मध्ये त्यांनी सांगितलं, ओपनजीएल आता जुनं झालं, आमचं मेटल वापरा. 2019 मध्ये मॅकच्या सिस्टिमची कॅटालिना ही आवृत्ती आली आणि 32 बिटांचे सगळे प्रोग्राम एका रात्रीत गतप्राण झाले. ज्यांनी सिस्टिम अपडेट करण्यापूर्वी चौकशी केली नव्हती त्यांच्या खेळांच्या चिन्हांवर दुसऱ्या दिवशी आडवी काट मारलेली होती. 2020 च्या नोव्हेंबरात इंटेल जाऊन ॲपलची स्वतःची एम1 चिप आली. वेग अफाट, गरम होणं नाही, मॅकबुक एअरमध्ये तर पंखासुद्धा नाही. आणि बूट कॅम्पही नाही. पाठोपाठ फेब्रुवारी 2021 मध्ये गिल्ड वॉर्स 2 ने मॅकवरून गाशा गुंडाळला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट मात्र एम1 बाजारात येताच त्याच्यासाठी खास बनवलेल्या रूपात हजर. मॅकवाल्यांनी त्या खेळाचं उगाच मंदिर बांधलेलं नाही. अर्थात देवही सगळ्यांना सारखा पावत नाही. त्याच कंपनीचा डायब्लो 3 हा 2012 मध्ये पहिल्याच दिवशी मॅकवर आला होता, डायब्लो 4 मात्र 2023 मध्ये आलाच नाही.

या बाबतीत जुनी जखम विचाराल तर 1999 ची. त्या वर्षी स्टीव्ह जॉब्सने न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये मंचावरून हेलो नावाचा नवा खेळ जगाला दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्षभरात मायक्रोसॉफ्टने तो खेळ, करणाऱ्या कंपनीसकट, विकत घेतला आणि आपल्या एक्सबॉक्सबरोबर बाजारात आणला. तो काही रोल-प्लेइंग खेळ नव्हे, त्यामुळे इथे त्याचा संबंध नाही. पण मॅकवाल्यासमोर हा विषय काढून पाहा आणि किती वेळ ऐकावं लागतं ते मोजा.

भारतात बसून हे खेळ खेळणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक मजा येते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा, म्हणजे वॉवचा, सर्व्हर भारतात नाही. पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळायचं तर आपण मारलेला वार समुद्राखालून प्रवास करून तिकडे पोचतो, आणि तोवर तिकडच्या जर्मन माणसाने राक्षस मारून खिसे तपासलेले असतात. वेळेचं तर बोलूच नका. त्यांचं रात्री आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. उन्हाळ्यात ते आपली घड्याळं तासाने पुढे करतात, मग आपण साडेअकराला बसू शकतो. वर्षातून दोनदा युरोपातल्या सरकारांच्या निर्णयाने ज्याची झोप बदलते असा माणूस तुम्ही सदाशिव पेठेत पाहिला असेल, तर त्याला उठवू नका.

पण याच दोन गोष्टींत, अंतरात आणि मॅकमध्ये, एक मोठं वरदान दडलेलं आहे आणि बाहेरच्यांना ते दिसत नाही. विंडोजवाला मेला तर तो चुकला म्हणून मेला. त्याच्याकडे उत्तम कार्ड, उत्तम माऊस, सगळं उत्तम. मरणाचं कारण उरतं ते एकच. मॅकवाला कधीच स्वतःच्या कारणाने मरत नाही. "पिंग वाढला होता." "इंटेलच्या खेळाचं भाषांतर करणारा रोझेटा अडकला." "मॅकच्या आवृत्तीत हा दोष आहेच." एकदा आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीत, एकजण आगीत उभा राहून शांतपणे जळून मेला. मोहिमेचा पुढारी ओरडला, तर हा म्हणाला, "माझ्या मॅकवर आग उशिरा दिसते." पुढारी गप्प झाला. एवढंच नाही, काही लोकांनी सहानुभूतीही व्यक्त केली. तेव्हापासून मी कुणालाही मॅकवरच खेळण्याचा सल्ला देतो.

घरच्यांना यातलं काही पटवणं अवघड. आमचे बाबा बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि प्रत्येक खर्चाचा परतावा बघतात. ते विचारतात, "एवढे पैसे घालून घेतलंस, आणि त्यावर गेम चालत नाहीत?" मी सांगतो, "चालतात, बाबा, पण काही काही." ते म्हणतात, "म्हणजे दुकानदाराने फसवलं." आई तेवढ्यात मदतीला येते: "अहो, त्याने तो कामासाठी घेतलाय." ही मदत नेमकी कुणाला झाली ते मला अजून कळलेलं नाही.

मॅकवर खेळ चालवणं हाच खरा खेळ आहे, असं मी मनापासून म्हणतो. मॅकवर विंडोजचे खेळ चालवायला क्रॉसओव्हर विकत घ्यायचा, पॅरलल्स टाकून बघायचं, 2023 मध्ये ॲपलने काढलेलं गेम पोर्टिंग टूलकिट टर्मिनलमध्ये अनाकलनीय ओळी टाइप करून बसवायचं. ते साधन मुळात खेळ बनवणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नव्हे, पण आम्ही आता तिथवर पोचलो आहोत. रविवारची सकाळ जाते, दुपार जाते, संध्याकाळी खेळाचं पहिलं चित्र पडद्यावर येतं, संगीत वाजतं, आपलं पात्र निवडायचा पडदा दिसतो. जो आनंद होतो तो ड्रॅगन मारून होत नाही. मग आपण यंत्र बंद करून जेवायला उठतो. खेळायचं कुणाला होतं? विंडोजवाल्याला हे सुख कधीच मिळणार नाही. बिचारा चिन्हावर क्लिक करतो आणि खेळ सुरू होतो.

माझ्या भाच्याकडे असा एक विंडोजचा गेमिंग लॅपटॉप आहे. कीबोर्डच्या खालून सात रंगांचे दिवे पेटतात, आणि खेळ सुरू झाला की पंखे असे घोंगावतात की शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. "मामा, तुझ्यावर हा पण नाही चालत?" असं तो प्रत्येक नव्या खेळाच्या वेळी अतिशय कनवाळूपणे विचारतो. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे राहायला होता. रात्री त्याच्या गिल्डची मोठी मोहीम होती. हा हेडफोन वगैरे लावून सज्ज झाला, आणि बरोबर त्याच क्षणी त्याच्या लॅपटॉपने निळा पडदा टाकून सांगितलं की अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका. टक्का एकवर. दहा मिनिटांनीही एकवरच.

तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी काही बोललो नाही. अशा वेळी न बोलण्यात जे समाधान आहे ते मी चवीने घेतलं.

"मामा, तुझ्या मॅकवर वॉव आहे ना?"

"आहे की. बस."

तो बसला, लॉग इन झाला, आणि खेळ खरोखरच लोण्यासारखा सुरू झाला. पंखा नाही, आवाज नाही. त्याच्या चेहऱ्यावर आदर म्हणता येईल अशी एक छटा उमटली. माझा काळा माऊस पाहुण्यांमुळे ड्रॉवरमध्ये होता आणि तो बाहेर काढायची मी मुळीच घाई केली नाही. त्याने तो पांढरा, गुळगुळीत मॅजिक माऊस हातात घेतला आणि दोन बोटं एकदम दाबली. त्याचा योद्धा जागचा हलेना. त्याने परत दाबली. पडद्यावर बाकीची मंडळी गुहेत शिरत होती.

"मामा, हा माऊस मोडलाय का रे?"

"मोडला नाहीये," मी म्हटलं, "त्याचं डिझाइनच तसं आहे."